विमानात शेजारच्याला ‘शेंगदाणे खाऊ नका’ कसं म्हणावं?

गोदाकाठचा (गंगाखेड):

रामराम मंडळी. पुढच्या महिन्यात मेव्हण्याच्या लग्नाला दिल्लीला जायलोत. विमान संभाजीनगरहून, चिकलठाण्याच्या विमानतळावरून. घरातलं कुणीच आजवर विमानात बसलेलं नाही, पण धास्ती त्याची नाही.

माझ्या धाकट्या पोराला, वय ८, वजन २२ किलो, शेंगदाणा चालत नाही. म्हणजे खाज सुटते आणि थांबते असं नाही. दोन वर्षांचा असताना संक्रांतीला कुणीतरी लाडानं चिक्कीचा तुकडा हातात दिला. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. परभणीपर्यंत जीप कशी हाणली ते मला आजही आठवत नाही. इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून पोरगं हाती लागलं.

आता आमच्या भागात शेंगदाणा टाळायचा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. भाजीत कूट, चटणीत कूट, एकादशीला तर साबुदाण्यापेक्षा कूटच जास्त. माझं कृषी सेवा केंद्र आहे. जानेवारी-फेब्रुवारीत टीएजी-२४ च्या (भुईमुगाच्या बियाण्याच्या) पिशव्या उचलून घरी आलो की आधी ओसरीवर कपडे बदलतो, कोपरापर्यंत साबणानं हात धुतो, मगच लेकराला जवळ घेतो. आईनं कुटाचा डबा सहा वर्षांपूर्वी चुलत्याच्या घरी नेऊन ठेवला, तो परत आणला नाही. उपवासाच्या दिवशी ती तिकडंच जाऊन खाते.

एस्टीत कुणी पुडी सोडली तर आम्ही जागा बदलतो, खिडकी उघडतो, फारच झालं तर पुढच्या गावाला उतरतो. मागच्या वर्षी देवगिरी एक्सप्रेसमध्ये एका गृहस्थाला हात जोडून विनंती केली तर म्हणाला, “मी माझ्या पैशाचं खायलो, तुमच्या ताटातलं नाही.” वर टरफलं आमच्याच पायाशी टाकली. विमानात ना खिडकी उघडता येते, ना मधे उतरता येतं. कंपनीला फोन केला तर तिकडची पोरगी म्हणाली, नोंद करते, पण हमी नाही.

बायको म्हणते रेल्वेनं जाऊ. थोरला म्हणतो, बाबा, तुम्ही उभं राहून सगळ्यांना सांगा. मला दुकानात शंभर माणसांशी बोलायची सवय आहे, पण हे मागायला तोंड उघडत नाही. कुणी असा प्रवास केलाय का? काय म्हणालात?

—

वॉर्ड नंबर ५ (नांदेड):

दादा, मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. आधी एक भीती काढून टाका. चार रांगा पलीकडं कुणी पुडी फोडली म्हणून वासानं लेकराचा श्वास अडकेल, असं सहसा होत नाही. वास वेगळा आणि शेंगदाण्यातलं प्रथिन वेगळं. त्रास प्रथिनानं होतो, आणि ते पोटात गेलं तर. विमानातली हवा वरून येते, खाली पायाशी ओढली जाते आणि गाळून परत सोडतात. लांबच लांब वाहत जात नाही.

खरा धोका हाताचा. आधीच्या फेरीतल्या माणसानं त्या ट्रेवर दाणे सोललेले असतात, तुमचं पोरगं त्याच ट्रेवर हात ठेवतं आणि तोच हात तोंडात घालतं. म्हणून बसल्या बसल्या ट्रे, हातटेकणी, पट्ट्याचं बक्कल, खिडकीची कड ओल्या वाइप्सनं पुसून घ्या. सॅनिटायझरवर विसंबू नका, त्यानं जंतू मरतात, प्रथिन जात नाही. हाताला साबण-पाणी किंवा वाइप्सच.

आता इंजेक्शन. औषध भरलेलं तयार इंजेक्शनचं पेन आपल्याकडं सहजी मिळत नाही, बहुतेकांना ॲड्रेनॅलिनची ॲम्प्युल (काचेची कुपी) आणि सिरिंजच देतात. ॲम्प्युल १ मिलीची असते, पण २२ किलोच्या लेकराला त्यातला थोडासाच भाग लागतो. किती ते इथं कुणाला विचारू नका, कुणी सांगितलं तरी ऐकू नका. तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर दोनदा भरून दाखवा. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर टोचायचं. एक नाही, दोन डोस जवळ ठेवा, पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा लागतो. सिरिंज असल्यामुळं तपासणीला डॉक्टरांचं पत्र हाताशी हवं. पिशवी पायाशी ठेवा, वरच्या कप्प्यात नाही, आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात तर टाकूच नका.

आणि हात जोडून सांगते, आधी सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी) देऊन वाट बघत बसू नका. आमच्याकडं उशिरा येणारी बरीच लेकरं अशीच येतात. गोळीनं गांधी बसतात, श्वास नाही सुटत.

—

मोंढ्यातला मामा (सेलू):

राग मानू नका, पण कोरडं बोलतो. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. आणि एका लेकरासाठी दीडशे माणसांनी तोंड बांधून बसायचं का? मला शुगर आहे. दोन तासांनी काही खाल्लं नाही की हात थरथरतात. खिशात टाइमपास असतोच.

तरी एक कबूल करतो. त्या गाडीतल्या माणसासारखं मी बोललो नसतो. कुणी “लेकराच्या जिवाचं आहे” म्हणालं तर पुडी खिशात गेली असती. तुम्ही विचारा तरी. मी दाण्यांऐवजी फुटाणे आणीन, झालं?

—

वॉर्ड नंबर ५:

मामा, फुटाणे कुठले घेता? भट्टीवर एकाच कढईत, एकाच वाळूत आधी शेंगा भाजतात आणि मग हरभरे. बिस्किटाचा बंद पुडा आणा. त्यावर शेंगदाणा आहे का ते छापावंच लागतं. आणि “आमच्या वेळी नव्हतं” म्हणता, तेव्हा असली लेकरं दम्यानं गेली, नाही तर पान लागलं (साप चावला) म्हणून गेली असं सांगायचे.

—

अहमदपूरची लेक (सध्या पुणे):

दादा, माझ्या मुलीला काजू-पिस्ता चालत नाही. गंमत म्हणजे शेंगदाणे ती मजेत खाते, कारण शेंगदाणा डाळीच्या कुळातला, काजूशी त्याचं नातं नाही. त्यामुळं कंपनीला नुसतं ‘नट्स’ म्हणू नका, ‘शेंगदाणा’ असंच लिहायला लावा. आमच्या नोंदीत एकदा त्यावरूनच घोळ झाला होता.

अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीनं १ ऑगस्ट २०१८ पासून विमानात शेंगदाणे देणंच बंद केलं. पण माणसं घरून डबा आणतात त्याचं काय? तिथं शेवटी तोंडच उघडावं लागतं.

मी उभी राहून भाषण करत नाही. पुढची रांग, मागची रांग आणि आपली रांग, एवढ्याच लोकांशी बोलते. तेही विमान हलायच्या आधी, कुणाची पुडी फुटण्याच्या आधी. एकदा घास तोंडात गेला की माणसाला तो हक्क वाटतो. आणि ‘ॲलर्जी’ हा शब्द आधी काढत नाही. त्यावर लोक मान डोलावतात आणि विसरतात. मी म्हणते, “काका, हिच्या पोटात काजूचा कण गेला तर श्वास बंद होतो, वर डॉक्टर नाही. उतरेपर्यंत काजू नाही खाल्ले तर चालेल का?” आजवर एकच बाई फणकारली. तिच्याच नवऱ्यानं डबा काढून घेतला.

शक्यतो सकाळचं विमान घ्या, तेव्हा त्या ट्रेवर कमी माणसांनी खाल्लेलं असतं. लेकराला खिडकीशी बसवा, मधे तुम्ही. विमानातलं काहीही देऊ नका. धपाटे करून न्या. आणि लग्नाच्या घरी तेल विचारा. लाकडी घाण्याच्या तेलात प्रथिन राहतं, गाळून शुद्ध केलेल्या तेलाचं तेवढं भय नसतं.

—

गोदाकाठचा:

दिल्लीहून लिहितोय. पोचलो. सिस्टर, वाइप्सचं एक अख्खं पाकीट संपलं, ट्रे पुसला तर वाइप काळाकुट्ट निघाला. तपासणीला सिरिंजवरून अडवलं, पत्र दाखवल्यावर दोन मिनिटांत सोडलं.

पुढच्या रांगेत धोतर-टोपीतले एक आजोबा होते, अंबडकडचे. फौजेतल्या नातवाला भेटायला निघालेले. मी ताई म्हणाल्या तसंच बोललो, पण आवाज बसलाच. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, देवगिरीतलाच भाऊ भेटला. मग त्यांनी मांडीवरच्या पिशवीची गाठ आणखी आवळली आणि म्हणाले, “ह्यात दाण्याचे लाडू हायेत बाबा. सकाळी मीच बांधलेत. हात धुवून येऊ का?” विमान सुटायला वेळ होता, उठून गेले आणि ओले हात तसेच वर धरून परत आले. पिशवी पायाखाली सरकवली ती दिल्लीपर्यंत काढली नाही.

मागच्या रांगेतल्या एका पोरानं मात्र कानातलं काढलंच नाही. नुसती मान हलवली. ऐकलं की नाही, देव जाणे. दीड तास माझं डोकं मागंच वळलेलं होतं.

पोरगं खिडकीशी होतं. गंगाखेड कुठंय म्हणून विचारत होतं. मी बोट दाखवलं तिकडं, बहुतेक चुकीच्याच बाजूला.

मेव्हण्याकडं तेल विचारलं, घाण्याचंच निघालं. आमच्यापुरता वेगळा गॅस मांडलाय. परतीचं विमान संध्याकाळचं आहे, तेव्हा वाइप्सची दोन पाकिटं घेईन.