ट्रायथलॉन सायकल : हेडसेटमधला आवाज, घामाचे मीठ आणि वर्षभराची देखभाल

कात्रजकडचा

नमस्कार. मी पुण्यात राहतो, वय ४४. सहा वर्षे रोड सायकल चालवल्यावर गेल्या दिवाळीच्या सुमारास एका परिचितांकडून कार्बनची ट्रायथलॉन सायकल विकत घेतली. ती तेव्हा तीन वर्षांची होती. इलेक्ट्रॉनिक गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे ६० आणि मागे ८० मिलिमीटर खोल रिमची चाके, आणि ब्रेकच्या नळ्या व वायरी हँडलमधून थेट फ्रेमच्या आत गेलेल्या, बाहेर काहीही दिसत नाही, अशी तिची रचना आहे. सपाट रस्त्यावर ती ज्या तऱ्हेने धावते त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

अडचण अशी की, गेल्या महिन्यापासून चढावर उभे राहून पायडल मारताना पुढच्या भागातून करकर असा आवाज येऊ लागला आहे. शिवाय पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवले, तर ते बरोबर मध्यावर आल्यावर खाचेत बसल्यासारखे अडते. एका दुकानात दाखवले तेव्हा तिथे वरून तेलाचा फवारा मारून सायकल परत दिली, आणि आवाज आठवडाभरात पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दुकानाने सांगितले की बेअरिंग बदलायचे तर ब्रेकची नळी सोडवावी लागेल, नंतर ब्रेक ब्लीड करावा (म्हणजे द्रवात शिरलेली हवा काढावी) लागेल आणि या सगळ्याचे मिळून साडेचार हजार रुपये होतील. दोन बेअरिंगसाठी ही रक्कम मला जास्त वाटली, म्हणून मी थांबलो आहे.

यंदा पावसाळ्यात बाहेर जाणे जवळजवळ बंद होते, त्यामुळे जून ते सप्टेंबर याच सायकलवर घरात ट्रेनर (सायकल जागेवरच ठेवून पायडल मारता येते ते उपकरण) लावून सराव केला. आता गोव्याची अर्ध-आयर्नमॅन शर्यत (पोहणे, सायकल आणि धावणे सलग) करायची आहे. मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे की हे काम आत्ताच करणे गरजेचे आहे का, अशा सायकलची देखभाल वर्षभरात नेमकी कधी आणि कशी करावी, आणि ती गोव्याला न्यायची कशी.

रंकाळा

नमस्कार. हँडल मध्यावर खाचेत बसते, हे लक्षण आपण अगदी अचूक टिपले आहे. हेडसेटच्या (हँडल आणि पुढचा चिमटा फ्रेममध्ये जिथे फिरतो त्या सांध्याच्या) खालच्या बेअरिंगच्या कड्यांवर गोळ्यांनी खळगे पाडले की असे होते. सायकल बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून खळगेही सरळ स्थितीच्या जागीच पडतात. तेलाच्या फवाऱ्याने उलट आतले उरलेसुरले ग्रीस पातळ होऊन वाहून जाते. हे काम शर्यतीआधी कराच, कारण उतारावर हँडल मध्यावर अडत असेल तर सायकल सरळ ठेवण्यासाठी सतत छोटे हिसके द्यावे लागतात आणि एरोबारवर (पुढे झुकून हात ठेवायच्या दांड्यांवर) कोपर टेकवून ते धोक्याचे ठरते.

कारण बहुधा आपणच लिहिले आहे : चार महिने ट्रेनरवरचा सराव. बाहेर वाऱ्याने घाम वाळतो. घरात तो कपाळावरून आणि हनुवटीवरून थेट खाली पडतो, आणि ट्रायथलॉन सायकलवर डोके नेमके स्टेम (हँडल धरणारा तुकडा) व हेडसेटच्या वर असते. घामातले मीठ वरच्या झाकणाच्या फटीतून, नळ्यांच्या वाटेने, आत उतरते आणि खालच्या बेअरिंगपाशी साचते. रोड सायकलवर निदान हँडलपट्टीची गुंडाळी तरी ओली दिसते. इथे बाहेरून सगळे कोरडे आणि देखणे असते. जी बंदिस्त रचना वाऱ्याला अडथळा होऊ देत नाही, तीच आतले गंजणे आपल्यापासून लपवते. अशी सायकल घेताना विचारात घेण्याची सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

मी माझ्या सायकलचा पुढचा भाग पहिल्यांदा उघडला तेव्हा ती घेऊन दोन वर्षे झाली होती. कोपराच्या पॅडखालच्या चार बोल्टपैकी दोन बोल्टांच्या डोक्यात पांढरे, खडीसाखरेसारखे स्फटिक जमले होते आणि अ‍ॅलन की आत बसतच नव्हती. दाभणाने एकेक कण खरवडून काढावा लागला. एक बोल्ट निघाला, दुसऱ्याचे डोके घासून गोल झाले आणि तो शेवटी ड्रिलने काढावा लागला. कार्बन विजेचा वाहक आहे, त्यामुळे कार्बन, अ‍ॅल्युमिनियम आणि खारे पाणी एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. म्हणून या भागातला प्रत्येक बोल्ट वर्षातून एकदा पूर्ण बाहेर काढून, पुसून, आट्यांना ग्रीस लावून, टॉर्क रेंचने फ्रेमवर किंवा स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकाच आवळावा. अंदाजाने आवळू नये. सीटपोस्टला मात्र ग्रीस लावू नये. तिथे कार्बन पेस्ट लागते, नाहीतर ती थोडी थोडी खाली सरकत राहते.

साडेचार हजारांबद्दल. आपल्या सायकलमध्ये ब्रेकच्या नळ्या वरच्या बेअरिंगच्या कड्यातून खाली जात असतील तर नळी सोडवल्याशिवाय जुने बेअरिंग निघतच नाही, त्यामुळे दुकानदार सांगतो ते खरे आहे. पैसे लागतात ते या अर्ध्या दिवसाच्या कामाचे. त्याच वेळी दोन्ही बेअरिंग स्टेनलेस स्टीलची घाला, पाण्याला दाद न देणारे बोटीसाठीचे ग्रीस भरपूर लावायला सांगा आणि नळी सोडवलीच आहे तर ब्रेकमधले द्रवही नवे भरून घ्या. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट द्रव असते. एकाच्या जागी दुसरे गेले तर आतली रबरी सील फुगून ब्रेक कायमचा जातो. डॉट द्रव हवेतले बाष्प शोषते, त्यामुळे दमट हवेत राहणाऱ्यांनी ते दरवर्षी बदललेले बरे.

आणि पुढच्या पावसाळ्यात ट्रेनरवर बसताना स्टेमवरून कोपराच्या पॅडपर्यंत जाड पंचा घाला आणि समोर मोठा पंखा ठेवा. सराव संपल्यावर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने बोल्टांची डोकी पुसायला दोन मिनिटे पुरतात.

मांडवीकाठ

रंकाळा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात गोव्यापुरती भर घालतो, कारण मी इथेच राहतो आणि २०१९ साली मिरामारला पहिली ७०.३ (म्हणजे हीच अर्ध-आयर्नमॅन) झाली तेव्हापासून या सायकली जवळून पाहत आलो आहे.

या शर्यतीत १.९ किलोमीटर समुद्रात पोहून आपण त्याच ओल्या अंगाने सायकलवर बसता आणि ९० किलोमीटर चालवता. म्हणजे घामाच्या आधीच समुद्राचे पाणी कपड्यांतून स्टेमवर आणि सीटपोस्टच्या खाचेत गळत असते. त्यात दोन हातांच्या मधली बाटली इलेक्ट्रोलाइटने भरलेली असली तर प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडातून थोडे खारे-गोड पाणी उडते आणि बरोबर हेडसेटवर पडते. मी हातांमधल्या बाटलीत नेहमी साधे पाणी ठेवतो आणि घट्ट केलेले इलेक्ट्रोलाइट सीटमागच्या बाटलीत. चिकटपणा कमी होतो आणि उन्हात तेच साधे पाणी डोक्यावरही ओतता येते.

शर्यत संपल्यावर पदक गळ्यात असते, पाय उचलत नाहीत, आणि सायकल तशीच बॅगेत भरून लोक घरी जातात. बॅगेत ती दोन दिवस ओली, खारट आणि बंद राहते. कृपया तसे करू नका. त्याच संध्याकाळी बादलीभर गोडे पाणी आणि मऊ स्पंज घेऊन वरून खालपर्यंत पुसून काढा, चेनवर गोडे पाणी ओता, कोरडी करा आणि तेल किंवा वॅक्स लावा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली मात्र सायकल कधीच धरू नका, तो सीलमधून पाणी थेट बेअरिंगमध्ये ढकलतो.

प्रवासाबद्दल. पुण्याहून पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर आहे आणि एवढ्या अंतरासाठी सायकल स्वतःच्या गाडीत, सीट पाडून, चाके काढून नेणे सर्वांत सुरक्षित. टपावरचे जे कॅरिअर फ्रेमची नळी चिमट्यात पकडते ते या सायकलींना लावू नये, कारण वाऱ्यासाठी चपट्या केलेल्या कार्बनच्या भिंती आडव्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. चाके काढली की ब्रेकच्या दोन पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा घडी घातलेला पुठ्ठा अडकवायला विसरू नका. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि शर्यतीच्या आदल्या रात्री ते उघडत बसावे लागते. सीटची उंची आणि कोपराच्या पॅडची जागा काढण्याआधी रंगीत टेपने खूण करून ठेवा.

विमानाने यायचे झाले तर गिअरच्या सुट्या निघणाऱ्या बॅटऱ्या काढून हातातल्या सामानात ठेवा आणि हवा भरायची कार्बन डायऑक्साइडची नळकांडी घरीच ठेवून इथे आल्यावर घ्या.

पहाटे-सिंहगड

वर देखभालीबद्दल फार चांगले लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त चाकांबद्दल लिहितो, कारण कात्रजकडचे यांच्याकडे पुढे ६० आणि मागे ८० आहेत आणि पुण्याच्या आसपास ती रोजच्या सरावाला वापरणे मला पटत नाही.

आडव्या वाऱ्याचा त्रास होतो तो मुख्यतः पुढच्या चाकामुळे, कारण ते हँडलला जोडलेले असते आणि वाऱ्याचा दाब थेट हातात येतो. मागचे चाक कितीही खोल असले तरी सायकल तितकी भरकटत नाही. हवाईतल्या कोना येथील शर्यतीत मागचे पूर्ण बंद चाक लावायला वर्षानुवर्षे मनाई होती ती तिथल्या जोरदार वाऱ्यामुळे. आपल्याकडे धोका निराळा आहे : महामार्गावर ट्रक पुढे जाताना आधी बाहेर ढकलले जाते आणि मग एकदम त्याच्याकडे ओढ लागते, नेमके तेव्हा कोपर पॅडवर असतील तर ब्रेक हातात नसतो. एरोबारवर असताना ब्रेक दूर असतो, ही गोष्ट रोड सायकलवरून आलेल्याच्या अंगवळणी पडायला काही महिने लागतात. म्हणून सरावाला एक कमी खोलीच्या चाकांची जोडी ठेवावी, आणि गतिरोधक, कुत्री, गावातली वस्ती व घाटाचा उतार दिसला की हात खालच्या हँडलवर आणावेत. खंबाटकीत वेग मिळतो म्हणून कोपर टेकवून उतरणारे मी पाहिले आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. ८० मिलिमीटरच्या रिममधून बाहेर येऊन वर पंपाचे तोंड बसेल इतका लांब व्हॉल्व्ह असलेली ट्यूब आपल्या नेहमीच्या दुकानांत सहसा मिळत नाही. साध्या ट्यूबसोबत व्हॉल्व्ह वाढवणारी नळी वापरावी लागते, आणि तिच्या आट्यांवर नळदुरुस्तीची पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली नाही तर हवा तिथूनच निसटते. हे घरी एकदा पूर्ण करून पाहा : चाक काढा, टायर सोडवा, ट्यूब घाला, छोट्या पंपाने हवा भरा. मी पहिल्यांदा केले तेव्हा मला ४० मिनिटे लागली होती, तीही पंख्याखाली.

ट्यूबलेस असेल तर आपल्या उष्णतेत आतले सीलंट (भोक बुजवणारा द्रव) दोन-तीन महिन्यांत आटते, ते तपासत जा. रिम हूकलेस (टायर पकडणारी आतली वळलेली कड नसलेली) आहे का तेही पाहा. तसे असेल तर ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नसते, आणि जुन्या सवयीने १०० पर्यंत भरणारे बरेच आहेत.

शेवटी बसण्याबद्दल थोडेसे. वाऱ्याच्या एकूण अडथळ्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश अडथळा चालवणाऱ्याच्या शरीराचा असतो. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड यांनी शेवटच्या २४.५ किलोमीटरमध्ये एरोबार लावून लोराँ फिन्याँ यांना मागे टाकले आणि एकूण ८ सेकंदांनी शर्यत जिंकली, तेव्हा त्यांच्या हातांची जागा बदलली होती, चाकांची जादू नव्हती. आपण सायकल दुसऱ्याकडून घेतली आहे, म्हणजे ती त्याच्या मापाने लावलेली आहे. नव्या चाकांपेक्षा आधी फिटिंगवर खर्च करावा. सीट रोड सायकलपेक्षा पुढे येते, वजन मनगटांऐवजी कोपरांवर आणि खांद्यांच्या हाडांवर जाते, आणि हे नीट जमले नाही तर ५० किलोमीटरनंतर मान उचलवत नाही. मग माणूस उठून बसतो आणि सायकलचा सगळा फायदा तिथेच संपतो.

कात्रजकडचा

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल सायकल त्या दुसऱ्या दुकानात नेली आणि परवानगी घेऊन काम होईपर्यंत शेजारी उभा राहिलो. खालचे बेअरिंग निघाले तेव्हा त्याच्यासोबत चमचाभर तांबडे पाणी टेबलावर सांडले. कडे बोटांत धरून फिरवले तर फिरतच नव्हते. मेकॅनिकने ते उन्हात धरून आतले खळगे दाखवले, एका ओळीत, सारख्या अंतरावर. कोपराच्या पॅडखालचा एक बोल्ट अडकलाच होता, पण तापवून निघाला.

स्टेनलेस बेअरिंग घातली, ब्रेक ब्लीड झाला, आज पहाटे बोपदेव घाट चढून आलो आणि आवाज नाही. एक शंका उरली आहे. नळी पुन्हा जोडताना तिचे टोक कापावे लागले आणि ती साधारण एक सेंटिमीटर आखूड झाली. मेकॅनिक म्हणाला की अजून एकदा कापता येईल इतकी ढील आहे. फिटिंगमध्ये कोपराचे पॅड वर घ्यावे लागले तर ती पुरेल का?

रंकाळा

म्हणूनच फिटिंग आधी आणि नळीचे काम नंतर, असा क्रम ठेवायला हवा होता. हे मी पहिल्याच उत्तरात लिहायला पाहिजे होते. नुसते पॅड वर गेले तर ब्रेकच्या नळीवर परिणाम होत नाही, कारण ब्रेक खालच्या हँडलवर आहेत. फक्त एरोबारच्या टोकाकडे जाणाऱ्या गिअरच्या वायरीला ढील आहे का ते पाहा. खालचे हँडलच स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) घालून वर घ्यायचे ठरले तर मात्र नळी ताणली जाईल. तसे होत असेल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, आणि शेवटच्या टप्प्यात ब्रेकचा लिव्हर स्वतःहून हलत असेल किंवा हँडल मध्याकडे परत खेचले जात असेल, तर शर्यतीआधी नवी नळी घालून घ्या.