तटस्थ राहिलो, म्हणजे नेमके कुठे राहिलो?

दाभोळचा सारंग

बावीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची सहा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. आता मी घरी आहे, पण पुतण्या एबी, म्हणजे डेकवरचा खलाशी आहे आणि त्याचा टँकर येत्या आठवड्यात एडनच्या आखातातून जायचा आहे. म्हणून हे लिहितोय.

२ मार्च २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला. १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. त्या ३५ मध्ये आपण. २७ ऑक्टोबर २०२३ ला गाझाच्या ठरावावर पुन्हा तटस्थ. त्याच वर्षी १२ डिसेंबरला शस्त्रसंधीच्या बाजूने, २०२४ च्या डिसेंबरातही बाजूने. मग १२ जून २०२५ ला त्याच गाझातल्या शस्त्रसंधीसाठी १४९ देशांनी हात वर केले, तेव्हा आपण १९ तटस्थांत. तीन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पुन्हा होकार. डिसेंबरात जे बरोबर होतं ते जूनमध्ये का नव्हतं, हे मला कुणीतरी साध्या मराठीत सांगा.

कुणाची बाजू घ्या, असं माझं म्हणणं नाही. नागरिकांवर आणि व्यापारी जहाजांवर हल्ला कुणीही केला तरी आपला शब्द एकच असावा. आज रशिया म्हणून गप्प, उद्या इस्रायल म्हणून गप्प, परवा इराण म्हणून गप्प. मग आपल्या पोरांच्या बोटीवर क्षेपणास्त्र पडेल तेव्हा जगाला कुठल्या तोंडाने जाब विचारणार?

आणि ते पडलंय. २६ जानेवारी २०२४, 'मार्लिन लुआंडा'. बोटीत रशियन नॅप्था, हल्ला येमेनच्या हुथी बंडखोरांचा, आणि खलाशांपैकी २२ भारतीय. नॅप्था काय असतो ते ज्याने टाकी धुतली आहे त्याला विचारा. नुसत्या वाफेने पेट घेतो. अशा पट्ट्यातून जाताना रेलिंगला काटेरी तारा बांधतात, पाण्याच्या होसा बाहेर तोंड करून लावून ठेवतात, रात्री पोर्टहोलवर पुठ्ठे चिकटवतात म्हणजे उजेड दिसू नये. हे सगळं चाच्यांसाठी. क्षेपणास्त्राला तार काय करणार? आम्ही लाइफजॅकेट उशाला घेऊन, बूट न काढता झोपायचो.

दोडामार्गकर

माका पटूक नाय. सारंगभाऊ, तुमच्या अनुभवाला हात जोडतो, पण हिशोब १९६१ पासून मांडा. १८ डिसेंबरला आपलं सैन्य आमच्या दोडामार्गाकडून गोव्यात उतरत होतं. आजी सांगायची, रात्रभर गाड्यांचा आवाज येत होता आणि कुणी दिवा लावला नाही. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने ठराव आणला, भारताने सैन्य मागे घ्यावं म्हणून. सात मतं त्यांच्या बाजूने होती. तो पडला सोव्हिएत नकाराधिकारामुळे. १९७१ लाही तेच. आज नागरिकांच्या रक्षणाचे धडे देणारे तेव्हा पोर्तुगालच्या, म्हणजे साडेचारशे वर्षांच्या परक्या राज्याच्या पाठीशी उभे होते. माझी मामी गोव्यातल्या डिचोलीची. तिला मोकळं कुणी केलं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

दाभोळचा सारंग

@दोडामार्गकर, ते ऋण मीही मानतो. पण ते देणं सोव्हिएत संघाचं होतं, आणि युक्रेनही त्याच संघात होता. मग ते फक्त मॉस्कोच्याच खात्यावर का लिहायचं? आणि जुना दाखला द्यायचाच तर १९५६ चाही द्या. हंगेरीत रशियन रणगाडे शिरले तेव्हाही आपण तटस्थ राहिलो होतो, आणि नेहरूंवर देशातूनच टीका झाली होती. म्हणजे ही सवय आजच्या सरकारची नाही, फार जुनी आहे. मी कुठल्या पक्षाविरुद्ध बोलत नाही.

मिरकरवाडा बंदर

तात्त्विक बोलणं चालू द्या, मी डिझेलचं बोलतो. युक्रेनच्या युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आसपास होतं, नंतर तिसऱ्या हिश्शाच्याही वर गेलं. देशाला स्वस्त मिळालं म्हणतात, मिळालंही असेल. पण माझ्या ट्रॉलरच्या टाकीत ते कधी स्वस्तात उतरलं? डिझेलवरच्या कराचा आमचा परतावा अजून सोसायटीत महिनोन् महिने अडकतो.

आणि अमेरिकेने आपल्या मालावर आयातकर किती लावला? ७ ऑगस्ट २०२५ ला २५ टक्के, आणि त्याच तेलापायी २७ ऑगस्टपासून आणखी २५. तेव्हा नुकताच हंगाम सुरू झालेला, आणि कोळंबीला अमेरिकेसारखं दुसरं गिऱ्हाईक नाही. माल घेणारा दारात उभा राहून म्हणाला, दर पाडल्याशिवाय टोपली उचलत नाही. बर्फात घातलेली कोळंबी किती दिवस धरून ठेवणार? बायका सोलायला बसल्या होत्या, त्यांना अर्ध्या दिवसाने घरी पाठवलं. अर्ध्या दिवसाचीच मजुरी. तेलाचा फायदा ज्यांना झाला त्यांनी हा तोटा भरून दिला का, एवढंच विचारायचं आहे.

दोडामार्गकर

बंदरवाले, मग काय, अमेरिका डोळे वटारते म्हणून तेल कुणाकडून घ्यायचं हे वॉशिंग्टनने ठरवायचं? चीनही रशियाचं तेल घेतो, पण त्यापायी असा जादा कर बसला तो आपल्यावर. तुमच्या कोळंबीचं दुःख खरं आहे. त्यावर सरकारने मदत द्यावी, दुसरे बाजार शोधावेत. पण म्हणून मान खाली घालायची नाही.

दोह्यातला चिपळूणकर

एकोणीस वर्षं आखातात आहे. सारंगभाऊ, तुम्ही समुद्रावरून बघता, मी इथल्या लेबर कॅम्पातून बघतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथे आपल्या नौदलाच्या आठ माजी लोकांना फाशीची शिक्षा झाली. आपल्याकडे टीव्हीवर आरडाओरडा चालू होता आणि इथे आम्ही माना खाली घालून कामावर जात होतो. सरकारने एक वाकडा शब्द काढला नाही. फेब्रुवारी २०२४ ला आठही सुटले. एप्रिल २०२४ ला इराणने 'एमएससी एरीज' पकडली, त्यावर १७ भारतीय. तिथेही बोलूनच मार्ग निघाला, टप्प्याटप्प्याने पोरं घरी आली. ज्या देशांशी भांडण नाही तेच देश फोन उचलतात. २०१५ ला येमेनमध्ये सौदीचे बॉम्ब पडत असताना आपली विमानं सानामध्ये उतरली, कारण सौदीही ऐकत होता आणि खालचे हुथीही ऐकत होते. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांची चूल इथल्या पगारावर पेटते हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्यासाठी तटस्थ राहणं म्हणजे छप्पर आहे हो.

इस्रायल आळीच्या मागे, अलिबाग

मी दोन्हीकडून अडकलेली आहे. आमच्या शेजारचं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब सत्तरच्या दशकात इस्रायलला गेलं. इथे त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून शनवार तेली. त्यांच्या घरच्या मावशी अजून फोनवर माझ्याशी मराठीत बोलतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर एकदा बोलता बोलता मागे भोंगा वाजला. म्हणाल्या, "थांब गं, जिन्याखाली जाते," आणि फोन तसाच चालू राहिला. चार-पाच मिनिटं मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

तो २७ ऑक्टोबरचा ठराव हमासचं नावही घेत नव्हता. नाव घालावं म्हणून कॅनडाने दुरुस्ती आणली, तिला भारताने मत दिलं, ती पडली, म्हणून आपण तटस्थ राहिलो. सारंगदादा, ते मला समजतं आणि पटतंही. तुम्ही ते सांगायला हवं होतं.

पण जून २०२५ चं मला नाही समजलं. तोवर गाझात पोरं उपाशी मरत होती. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले. दोघांशी नातं आहे, म्हणून तर दोघांना बोलण्याचा हक्क आपल्याला जास्त. मावशींना मी हेच म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही तरी बोला.

दाभोळचा सारंग

ताई, कॅनडाच्या दुरुस्तीचं मी गाळलं, ते चुकलं. ऑक्टोबरचं मत मी मागे घेतो. जूनचं घेत नाही.

चिपळूणकर, माणसं सोडवताना गप्प राहायचं, हे मान्य. ओलीस असताना आवाज चढवू नये हे आम्हालाही शिकवलेलं आहे. पण आमसभेत कुणी ओलीस नसतं. आणि 'मार्लिन लुआंडा'वर आग विझवायला गेली ती 'आयएनएस विशाखापट्टणम'. हुथींविरुद्धच्या अमेरिकेच्या आघाडीत आपण गेलो नाही, स्वतःच्या नौका पाठवल्या. आगीत उडी घेताना आपलं नौदल तटस्थ नव्हतं. ते जेवढं स्पष्ट वागलं, तेवढं स्पष्ट आपल्या प्रतिनिधीने न्यूयॉर्कमध्ये बोलावं.

दोह्यातला चिपळूणकर

आमसभेतलं मतही इथे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतं, भाऊ. सुपरवायझर वाचतो. पुतण्या कुठवर पोचला?

दाभोळचा सारंग

ओमानचं सलाला बंदर मागे पडलं. आता ट्रॅकर बंद केलाय त्यांनी, नकाशावर ठिपका दिसत नाही. वहिनी दर तासाने येऊन विचारते.