अल्फासह (पारदर्शकतेच्या माहितीसह) रेंडर केलेल्या ग्लोभोवती काळपट कड: मदत हवी आहे

लोगो अ‍ॅनिमेशन पारदर्शक बॅकग्राउंडवर प्रोरेस ४४४४ या पारदर्शकता साठवणाऱ्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेंडर केलंय. कॉम्पमध्ये (जिथे अ‍ॅनिमेशन बनवलं त्या कॉम्पोझिशनमध्ये) ग्लो झकास दिसतो, पण एडिटिंगमध्ये उजळ शॉटवर ठेवला की भोवती काळपट कड येते. गडद शॉटवर कळतच नाही, म्हणून उशिरा लक्षात आलं.

फुटेज स्ट्रेटऐवजी (रंग बॅकग्राउंडमध्ये न मिसळलेलं) काळ्यावर प्रीमल्टिप्लाइड (कडांचे रंग आधीच काळ्यात मिसळलेलं) म्हणून वाचलं. अक्षरांच्या कडा स्वच्छ झाल्या, ग्लो मात्र मळकटच. स्ट्रेट रेंडरही करून पाहिला, तोच प्रकार. कॉम्पची रंगखोली ३२ बिट आहे आणि लिनियर ब्लेंडिंग (रंग प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात मिसळणं) चालू आहे, एडिटिंगमध्ये तशी सोय नाही. माझा संशय तिथेच आहे.

ग्लो वेगळा काळ्यावर रेंडर करून अ‍ॅड मोडने (खालच्या चित्रात उजेडाची बेरीज करून) लावता येईल, पण एडिटरला एकच फाइल हवी आहे आणि मागचे शॉट बदलत राहणार. लिनियर ब्लेंडिंग बंद करून ग्लो नव्याने जुळवला तर एका फाइलमध्ये भागेल का, की अल्फात असा ग्लो नीट बसतच नाही?