लपवून बाळगायला छोटं पिस्तूल घ्यायचंय, हात लहान आणि शंका भरपूर

हिरवी_छत्री

नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. परमिट हातात आलंय, कोर्सही झालाय, कोर्समध्ये सरांनी दिलेल्या मोठ्या पिस्तुलावर ५० राउंड मारले आणि ७ मीटरवर सगळे कागदावर लागले, तेवढाच माझा अनुभव. आता स्वतःचं घ्यायचंय, आणि ते कपाटात पडून राहायला नकोय, रोज अंगावर बाळगायचंय.

माझी अडचण अशी की उंची ५ फूट १ इंच, पंजा एवढासा, त्यात डावखुरी. दुकानात गेले तर काउंटरवरच्या माणसाने काही विचारायच्या आधीच गुलाबी मुठीचं छोटं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवलं, "लेडीजना हेच बरं पडतं" म्हणे. हातात घेतलं तर फुलासारखं हलकं, पण त्याचा ट्रिगर ओढताना बोट थरथरायला लागलं. मग त्याने खिशात मावेल असं .३८० काडतुसाचं पिस्तूल दाखवलं, त्याची स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मला अर्धीच मागे घेता आली. घरी येऊन वाचत बसले तर कोणी म्हणतंय ग्लॉक १९, कोणी सिग पी३६५, कोणी म्हणतंय सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका) नसलेलं घेऊच नका. डोकं भंजाळलंय. जितकं लहान तितकं माझ्यासारखीला सोपं, असंच ना साधं गणित? की काही चुकतंय माझं?

खोडकर_आजोबा

ग्लॉक १९ घ्या. विषय संपला. १९८८ पासून आहे, १५ काडतुसं, चिखलात पडलं तरी चालतं. बाकी सगळी फॅशन.

रेंजवरची_मावशी

आजोबा, तुमचा विषय संपला पण तिचा कुठे सुरू झालाय अजून :)

हिरवी_छत्री, तुझं गणितच उलटं आहे गं, आणि यात तुझी चूक नाही, काउंटरवर सगळ्यांना असंच वाटतं. मी आठवड्यातून दोन दिवस रेंजवर नवख्यांबरोबर उभी असते त्यामुळे हे रोज बघते. काडतूस तेच ठेवून पिस्तूल हलकं केलं की झटका जास्त बसतो, कारण मागे येणारा जोर खायला लोखंडच उरत नाही. ग्लॉक १९ रिकामं असताना ६०० ग्रॅमच्या पुढे, पी३६५ जेमतेम ५००, आणि ती खिशातली चिमुकली .३८० वाली २७०-३०० ग्रॅमची. त्यात मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत, म्हणजे पकडायला दोनच बोटं. मी पहिलं घेतलं ते असंच एक चिमुकलं होतं. पहिल्याच दिवशी अंगठ्याच्या बेचकीत स्लाइडने दोन समांतर रेघा मारल्या, रक्त आलं, तिसऱ्या मॅगझीनला मी आवाजाआधीच डोळे मिटत होते. ती सवय घालवायला सहा महिने गेले. लहान पिस्तूल बाळगायला सोपं आणि मारायला अवघड, हे काउंटरवर कोणी सांगत नाही कारण तिथे कोणी गोळी झाडून बघत नाही.

रिव्हॉल्व्हरचंही तसंच. छोट्या पाच काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्लाइड नाही, जॅम नाही, खिशातल्या खिशात राहतं, सगळं खरं. पण त्याचा ट्रिगर डबल अ‍ॅक्शन, म्हणजे घोडा मागे नेणं आणि सोडणं दोन्ही तोच करतो, ओढायला साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो, आणि तेही जेमतेम अर्ध्या किलोच्या आत वजन असलेल्या वस्तूवर. ग्लॉकचा अडीच किलोच्या आसपास. म्हणजे तुझं बोट थरथरलं ते कमजोर म्हणून नव्हे. रिव्हॉल्व्हर हे खरं तर मुरलेल्या माणसाचं हत्यार आहे, ते नवख्या बायकांच्या गळ्यात का मारतात देव जाणे.

आता स्लाइडचं. ओढू नकोस, ढकल. पिस्तूल छातीजवळ आण, नळी समोरच्या टार्गेटकडेच, बोट ट्रिगरच्या बाहेर सरळ. तू डावखुरी म्हणजे उजव्या हाताची चारही बोटं वरून स्लाइडच्या मागच्या भागावर, तळव्याने घट्ट दाबून, इजेक्शन पोर्ट (रिकामी केस बाहेर पडते ती खिडकी) झाकायचं नाही. मग उजवा हात तिथेच ठेवून डाव्या हाताने पिस्तूल जोरात पुढे ढकल आणि स्लाइड सोडून दे, हाताने पुढे नेऊन ठेवू नको. दंडाच्या ऐवजी खांदा आणि पाठ कामाला लागते. बहुतेक जणी चिमटीत धरून ओढायला बघतात, जमलं नाही की अंग वळवतात, आणि अंग वळलं की नळी शेजारच्या लेनकडे. त्या क्षणी मी ओरडते, आणि मग त्या माझ्यावर रागावतात.

एवढं करूनही नाहीच जमलं तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघ, २०१८ मध्ये .३८० मध्ये आलं, नंतर ९ एमएममध्येही. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली, मॅगझीन ८ चं, मुठीला मागे ग्रिप सेफ्टी, म्हणजे मूठ नीट धरल्याशिवाय झाडता येत नाही. कमीपणा मानायचं कारण नाही, संधिवातवाले कितीतरी जण तेच वापरतात.

कमरपट्टा

मावशींना +१. एक भर घालतो, लोक बॅरलची लांबी बघतात पण शर्टावरून उठून दिसते ती मूठ. बॅरल पँटच्या आत जाते, ती अर्धा-पाऊण इंच लांब असली तर काही बिघडत नाही, उलट थोडी लांब असेल तर पिस्तूल वरून बाहेरच्या बाजूला कलंडत नाही. मूठ मात्र पट्ट्याच्या वर. ग्लॉक ४३एक्स बघा, किती बारीक आहे म्हणून लोक घेतात, पण उंची १२८ मिमी, म्हणजे ग्लॉक १९ एवढीच! जाडीत फरक पडतो, उंचीत शून्य. पी३६५ ची उंची १०९ च्या आसपास. ५ फूट १ इंचाच्या माणसाला ते २ सेंटिमीटर म्हणजे वाकल्यावर शर्ट तंबूसारखा होणार की नाही एवढा फरक.

आणि पिस्तुलावर सगळे पैसे संपवू नका. होल्स्टर आणि पट्टा यांचे वेगळे काढून ठेवा. होल्स्टर कडक हवं (कायडेक्स नावाचं कडक प्लॅस्टिक वगैरे), ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं, पिस्तूल बाहेर काढल्यावर तोंड न मिटणारं. पट्टा जाड आणि न पिळणारा. हल्ली होल्स्टरला बाजूला एक छोटं प्लॅस्टिकचं पंख येतं, ते पट्ट्याला आतून रेटतं आणि मूठ पोटाकडे दाबली जाते, बारीकसा तुकडा पण जादू करतो. माझ्याकडे एका पेटीत अकरा होल्स्टर पडून आहेत, घरचे त्याला स्मशान म्हणतात.

हिरवी_छत्री

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. स्लाइडचं आज घरी करून बघितलं, म्हणजे पिस्तूल नाही हो अजून, स्टेपलरवर :D

दोन बाळबोध शंका. एक, पर्समध्ये ठेवलं तर काय वाईट, पट्टा-बिट्टा काहीच नको. दोन, चेंबरमध्ये (नळीच्या मागची, काडतूस झाडलं जातं ती जागा) काडतूस ठेवून पोटाशी घेऊन फिरायचं या कल्पनेनेच घाम फुटतो मला, सेफ्टी असलेलंच घेऊ का?

रेंजवरची_मावशी

पर्स नको. खुर्चीला अडकवतेस, ट्रॉलीत ठेवतेस, भाचरं चॉकलेट शोधायला हात घालतात. आणि ओढून नेली तर तीच नेतात. अगदीच पर्याय नसेल तेव्हा फक्त पिस्तुलासाठी असलेला वेगळा चेनचा कप्पा, त्यात होल्स्टर, आणि पर्स अंगावरून खाली उतरवायची नाही. सुट्टी लिपस्टिक आणि किल्ल्यांबरोबर पिस्तूल हा प्रकार मी बघितलाय, किल्ली ट्रिगर गार्डमध्ये जायला किती वेळ लागतो.

कमरपट्टा

चेंबरबद्दल मी सगळ्यांना एकच करायला सांगतो. पिस्तूल रिकामं करा, दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग स्लाइड एकदा मागे घेऊन सोडा आणि रिकाम्या चेंबरने होल्स्टरमध्ये घालून घरात आठवडाभर वावरा, झाडू मारा, सोफ्यावर लोळा, बुटाची नाडी बांधा. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी आतली सळई) सुटला की ट्रिगर मागेच राहतो, त्यामुळे रोज रात्री लगेच कळतं काही झालं का. आठवडाभर काही होत नाही, कारण ट्रिगर कोणी ओढल्याशिवाय तो सुटतच नाही, आतले अडसर त्यासाठीच असतात. भीती अशी आपोआप जिरते, समजावून जिरत नाही.

धोका असतो तो परत होल्स्टरमध्ये घालताना. माझीच गोष्ट, जॅकेटच्या कमरेला ओढायची दोरी असते ना, टोकाला प्लॅस्टिकची गोळी असलेली, ती होल्स्टरच्या तोंडात गेली होती. पिस्तूल आत जाताना थोडंसं अडल्यासारखं लागलं. त्या दिवशी घाई असती तर मी दाबून घातलं असतं. थांबलो, बाहेर काढलं, बघितलं तर दोरी ट्रिगरच्या पुढे वेटोळं घालून बसलेली. पाय जागेवर आहे तो त्या थांबण्यामुळे. घरी आलो आणि आधी कात्रीने दोरी कापली. काढायला घाई चालेल, घालायला कधीच नाही, शर्ट दुसऱ्या हाताने पूर्ण वर, डोळ्यांनी बघून, हळू.

सेफ्टीचं म्हणाल तर हवी असेल तर घ्या, पी३६५ सेफ्टीसह पण मिळतं. फक्त मग प्रत्येक वेळी काढताना अंगठ्याने ती खाली करायचा सराव हवा, शेकडो वेळा. अर्धवट सवय असलेली सेफ्टी नसलेलीच बरी, हे माझं मत, बाकीच्यांचं वेगळं असू शकतं.

खोडकर_आजोबा

आमच्या वेळी बूट घालायचा आणि पिस्तूल घालायचं, एवढंच होतं. असो. मावशींचं बरोबर आहे, १९ तिच्या हाताला मोठं पडेल. पण .३८० नको गं पोरी, जमलं तर ९ एमएमच. दोन्हीची गोळी ९ मिमीचीच, पण केस (काडतुसाचं धातूचं नळकांडं) .३८० ची १७ ची आणि ९ एमएमची १९ मिमीची, आणि दाबात तर बराच फरक. आखूड नळीतून .३८० चं हॉलो पॉइंट (टोकाला खड्डा असलेली, लागल्यावर फुलणारी गोळी) कधी फुलतच नाही, कधी फुलतं पण मग पुरेसं आत जात नाही. एफबीआयचं माप चाचणीच्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच आत जाण्याचं आहे, चांगलं ९ एमएम तिथे बसतं. एफबीआयवालेसुद्धा मोठ्या .४० काडतुसावरून फिरून परत ९ लाच आले.

काडतूस_कारकून

उशिरा आलो पण दोन गोष्टी राहिल्यात. डावखुऱ्यांसाठी मॅगझीनचं बटण बाजू बदलता येतं का बघा, पी३६५ मध्ये येतं, ग्लॉकच्या ४३एक्स आणि १९ च्या नव्या पिढ्यांतही येतं. पी३६५ मध्ये अजून एक गंमत, नंबर कोरलेला मूळ भाग म्हणजे आतली ट्रिगरची यंत्रणा, मूठ म्हणजे नुसतं कवच. त्यामुळे पुढे मूठ लांब-आखूड करावीशी वाटली तर कवच बदला, पिस्तूल तेच. मॅगझीन कितीचं चालतं ते मात्र आपल्याकडच्या नियमात आधी बघा, काही ठिकाणी १० च्या वर बंदी आहे.

दुसरं, रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस परत चेंबरमध्ये घालायची सवय लागते लोकांना. दरवेळी स्लाइड ते काडतूस जोरात आत ढकलते, नाकाला धक्का बसत बसत गोळी केसमध्ये हळूहळू मागे दबते. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब धोकादायक वाढतो. नवीन काडतूस शेजारी उभं करून बघा, बुटकं दिसलं तर ते बाजूला काढा, झाडू नका. मी एकदा असं काढलं तर नखाच्या जाडीएवढं आत गेलेलं होतं.

आणि नवीन पिस्तुलावर निदान २०० साधी आणि दोन मॅगझीन भरून तीच महागडी हॉलो पॉइंट, जी रोज बाळगणार. एकही अडली नाही तरच कमरेला. छोटी पिस्तुलं मनगट ढिलं पडलं तरी अडतात, त्यामुळे अडलं तर आधी मनगट बघा, मग पिस्तुलाला शिव्या द्या.

हिरवी_छत्री

दोन शनिवार रेंजवर घालवून आले, तिथे भाड्याने मिळतात म्हणून पाच वेगवेगळी मारून बघितली. चिमुकल्या .३८० वर ६ मारले आणि खाली ठेवलं, मावशी तुमच्या दोन रेघा आठवल्या. ग्लॉक १९ मस्त चालतं हो आजोबा, खरंच, पण मला ट्रिगरवर बोटाचं फक्त टोक पोचतं आणि सगळे राउंड एका बाजूला सरकत जातात. ईझी ची स्लाइड लोण्यासारखी. ४३एक्स आवडलं, पण रिकामं होल्स्टरमध्ये घालून आरशासमोर वाकले तर कमरपट्टा म्हणाले तसा तंबू.

शेवटी पी३६५ घेतलं, लहानच, त्याचं मोठं भावंड एक्सएल नाही. त्याचं थोडी पुढे आलेल्या तळाचं १० वालं मॅगझीन लावलं की करंगळीला जागा मिळते. ७ मीटरवर पहिल्या दिवशी ताटाएवढा पसारा होता, दुसऱ्या शनिवारी बशीएवढा. स्लाइड ढकलून एका दमात जाते आता, स्टेपलरचा सराव कामी आला. होल्स्टर डावखुऱ्यांचं म्हणून तीन आठवडे थांबा म्हणालेत, तोवर पिस्तूल तिजोरीत.

कमरपट्टा

अभिनंदन. आलेलं पाकीट फोडलं की आधी बाजू तपासा हां, मी एकदा डावखुऱ्या मित्रासाठी मागवलं होतं, महिनाभर वाट बघून उजवं आलं. ते पण आता पेटीत आहे, बारावं.