मैफल आणि सामना एकाच संध्याकाळी : वेळेचा प्रश्न
छत्रपती संभाजीनगरच्या सभागृहाच्या अंगणात आयपीएलचा सामना मोठ्या पडद्यावर दाखवावा आणि दोन डावांच्या मध्यंतरात गझलगायन ठेवावे, अशी एक सूचना आली आहे; ती मनापासूनची असली तरी मला पटत नाही. मध्यंतर जेमतेम वीस मिनिटांचे असते. तेवढ्यात तबला सुरात लावून होतो न होतो तोच श्रोत्यांचे डोळे पुन्हा पडद्याकडे वळतील. ज्या शहरात वली दखनी आणि सिराज औरंगाबादी या जुन्या उर्दू कवींची गझल बहरली, तिथे गायकाला असे घाईत उरकायला लावणे योग्य नव्हे. त्यापेक्षा मैफल साडेपाचला आतल्या दालनात सुरू करून सातला संपवावी. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य सातच्या आसपास मावळत असल्याने अंगणातला प्रोजेक्टर त्याआधी नीट दिसणारही नाही, आणि सामना साडेसातलाच सुरू होतो.

खरी अडचण पुढे आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि दुसरा डाव तर साडेनऊच्या सुमारास सुरू होतो. म्हणून तो आत, दारे बंद करूनच दाखवावा. शेजारच्या घरांत परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतात, त्यांचाही विचार आयोजकांनी आवर्जून करावा. त्यासाठी दुसरा पडदा आत आधीच लावून ठेवावा लागेल.