तिसरीत पाढे घोकून घेणं थांबवावं का?

मूळ मुद्दा
थांबवावं. पाढा तालात म्हणणाऱ्या मुलाला मध्येच 'सात आठे किती?' विचारलं, की ते मनात 'सात एके सात'पासून सुरुवात करतं. त्याला चाल येते, गुणाकार नाही. १ ते १० पर्यंतचे गुणाकार १००. ७×८ आणि ८×७ एकच धरले, तर ५५. १, २, ५ आणि १० चे सोपे काढले, तर २१. नऊपट म्हणजे दहापटीतून एकपट वजा. मग उरतात फक्त १५. ते चौकटीच्या कागदावर आयत काढून शिकवा: ७×८ चा आयत ५×८ आणि २×८ असा कापला, की ४० आणि १६, छप्पन्न.

प्रतिसाद १
साफ अमान्य. चौथीत ५३२ ÷ ७ करताना आयत कापत बसलं, तर मूल भागाकाराची पायरीच विसरतं. 'सात सत्ते एकोणपन्नास' जिभेवर नसलं, की ते ४२ वर थांबतं, बाकी ११ लिहितं, २ खाली घेऊन ११२ करतं आणि उत्तर काढतं ६१६. पाठांतर नसल्याचीच ही चूक.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचं उत्तर
पण ७ ची शंभरपट ७००, म्हणजे उत्तर शंभराच्या आतच हवं. बाकी ११ भाजक ७ पेक्षा मोठी कशी, हेही खटकायला हवं. ते घोकून येत नाही.

प्रतिसाद १
खटकायला डोकं मोकळं लागतं, आणि ते पाढे पाठ असले की राहतं.

प्रतिसाद २
दोघांच्याही नजरेतून मराठी अंकनावं सुटली. 'छप्पन्न'मध्ये आधी सहा ऐकू येतो, म्हणून मूल ६५ लिहितं. 'एकोणपन्नास'मधलं 'पन्नास' ऐकून ५९. तोंडी बरोबर, वहीत चूक! म्हणून म्हणताना लिहूनही घ्या.

पाठांतर हवंच, पण अख्खा पाढा ओळीने नको. रोज पाच मिनिटं, दहा चिठ्ठ्या: सात येणाऱ्या, तीन नव्या, सगळ्या मिसळून. चुकलेली चिठ्ठी दोन चिठ्ठ्यांनंतर पुन्हा काढा. नवा गुणाकार आधी आयत कापून समजावा, मगच त्याची चिठ्ठी करा. आणि घड्याळ लावू नका. घाईत मूल आठवत नाही, अंदाज ठोकतं, आणि तीच चूक पक्की होते.