नाताळापेक्षा सोल्लालचा विचार करा

कोरियात इंग्रजी शिकवताना नाताळात एकटं वाटेल का, असं विचारलंत. २५ डिसेंबरला तिथे सरकारी सुट्टी असते, पण एकच दिवस. तोही मुख्यतः जोडप्यांचा आणि केकचा. हागवॉनमध्ये, म्हणजे खासगी क्लासमध्ये असाल तर लगेच दुसऱ्या दिवशी वर्ग. खरं एकटेपण जाणवतं ते सोल्लाल, म्हणजे चांद्र नववर्ष, आणि चुसॉक, म्हणजे सुगीचा सण, या दोन सणांना. तीन-तीन दिवस सुट्टी, आणि राजधानी सोलमधले लोक गावी पळतात, गणपतीत आपले चाकरमानी कोकणात जातात तसे. रेल्वेची तिकिटं केव्हाच संपलेली, त्यामुळे लांबचा बेत नकोच. ग्योंगबोकगुंगसारखे राजवाडे बघा, तेव्हा प्रवेश फुकट असतो. सोल्लालला कुणी त्तॉकगुक, म्हणजे तांदळाच्या चकत्यांचं सूप, खायला बोलावलं तर जरूर जा. फक्त रस्सा बहुधा गोमांसाचा असतो, चालत नसेल तर आधीच सांगा.